हवा-इंधन मिश्रणाचे मापन, टर्बोभारित मोटार एंजिनातील

पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बोभारित एंजिनाच्या सिलिंडरांत शिरणारी हवा व तीत मिसळलेले इंधन यांचे वजनी गुणोत्तर एंजिन चालू असताना सतत अजमावत राहण्याची क्रिया. एंजिनाची शक्ती, इंधनाचा खप, निष्कास वायूंची शुद्धता आणि दट्ट्या (पिस्टन), झडपा व टरबाइन यांचे आयुष्य या गुणोत्तरावर अवलंबून असते. साध्या एंजिनात ते थोडेफार चुकले, तर खप वाढतो किंवा ओढ कमी पडते. टर्बोभारित एंजिनात तीच चूक पूर्ण भारावर झाली, तर दट्ट्याला भोक पडण्यास काही सेकंदही पुरतात. हे गुणोत्तर सिलिंडरात प्रत्यक्ष मोजता येत नाही. ज्वलन झाल्यावर बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला, यावरून ते मागाहून ताडावे लागते. त्यामुळे मापकावर दिसणारा आकडा हे एक अनुमान असते, आणि ते कितपत खरे धरावयाचे हे हवेची आर्द्रता, इंधनाचा प्रकार व निष्कास नळीची स्थिती यांवर ठरते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, पेट्रोल].

मिश्रणाचे प्रमाण : एक किग्रॅ. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. या प्रमाणास समतोल प्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष गुणोत्तरास समतोल गुणोत्तराने भागले असता येणाऱ्या संख्येस लँब्डा हे नाव आहे. समतोल मिश्रणाचा लँब्डा १ असतो. इंधन जास्त असल्यास तो १ पेक्षा कमी (समृद्ध मिश्रण) व हवा जास्त असल्यास १ पेक्षा अधिक (विरल मिश्रण) येतो. गॅरेजात यांनाच ‘रिच’ व ‘लीन’ म्हणतात. सर्वांत अधिक शक्ती लँब्डा ०·८५ ते ०·९० च्या आसपास मिळते, तर इंधनाची काटकसर १ पेक्षा थोड्या वरच्या मूल्यास साधते. निष्कास नळीतील त्रिमार्गी उत्प्रेरकी परिवर्तकाचे कार्य मात्र लँब्डा १ च्या अगदी निकट असतानाच नीट चालते. म्हणून रोजच्या चालीत एंजिन याच मूल्यावर राखतात.

टर्बोभारणाचा परिणाम : निष्कास वायूंच्या जोराने फिरणाऱ्या टरबाइनाच्या दांड्यावर संपीडक बसवून सिलिंडरात जादा हवा कोंबण्याच्या कल्पनेचे एकस्व स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. मोटारगाडीच्या लहान टर्बोभारकाचा दांडा मिनिटास एक ते दोन लाख फेरे घेतो. हवा दाबली की ती तापते. उदा., ३०° से. तापमानाची हवा वातावरणाच्या १·८ पट दाबापर्यंत नेली, तर नेहमीच्या कार्यक्षमतेच्या संपीडकातून ती सु. ११०° से. तापमानाने बाहेर पडते. आंतरशीतकातून (इंटरकूलरमधून) नेल्याने ती पुष्कळशी निवते, पण पूर्वीइतकी नव्हे. सिलिंडरात अशी दाट व ऊन हवा आली की ठिणगीपासून दूर असलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेण्याचा संभव वाढतो. याला आघाती ज्वलन (नॉकिंग) म्हणतात. त्याच्या दाबलहरींनी धातूच्या पृष्ठभागावरील वायूचा संरक्षक थर फाटतो व उष्णता थेट दट्ट्यात शिरते. दट्ट्याची ॲल्युमिनियमाची मिश्रधातू सु. ५५०° ते ६००° से. तापमानाच्या सुमारास वितळू लागते आणि ज्वलनातील वायूंचे तापमान २,०००° से. हून अधिक असते. तेव्हा हा थर किती मोलाचा आहे हे उघड आहे.

यावरचा जुना व स्वस्त उपाय म्हणजे पूर्ण भारावर गरजेपेक्षा जास्त इंधन देणे. न जळणारे हे इंधन बाष्प होताना उष्णता शोषून घेते व ज्वलन आणि टरबाइन या दोहोंना थंडावा देते. पेट्रोल एंजिनाच्या टरबाइनाला साधारणपणे ९५०° ते १,०५०° से. पर्यंतचे वायू सोसतात. त्यापलीकडे पाती ताणली जाऊन झिजतात. त्यामुळे पुष्कळ एंजिनांत भाराखाली लँब्डा ०·७८ ते ०·८५ ठेवण्याची प्रथा पडली. म्हणजे शहरात १ आणि चढावर ०·८, असा हा दुहेरी संसार आहे, आणि मापनयंत्रणेला दोन्ही टोके सांभाळावी लागतात.

इतिहास : कार्ब्युरेटरच्या काळात मिश्रण ओळखण्याची साधने नजर व कान हीच होती. ठिणगी-गुडी (स्पार्क प्लग) काढून तिच्या चिनी मातीच्या टोकाचा रंग पाहत. तो तपकिरी असला तर मिश्रण योग्य, काजळी धरलेला असला तर समृद्ध व पांढराफटक असला तर विरल, असा ठोकताळा असे. अनुभवी मिस्त्री यावरून बरेच काही सांगू शकत. पण पुरावा हाती येई तो नुकसान झाल्यावर. विमानांच्या एंजिनांत निष्कास वायूंचे तापमान तपयुग्माने मोजून मिश्रण जुळविण्याची पद्धत होती व ती आजही उपयोगात आहे.

अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बोभारित मोटारी विक्रीस आल्या. जेटफायरमध्ये आघाती ज्वलन टाळण्यासाठी पाणी व मिथिल अल्कोहॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून एंजिनात सोडले जाई. टाकी रिकामी झाली की टर्बोभारण आपोआप रोखले जाई. मालकांना टाकी भरण्याचे भान राहत नसे, आणि ही मोटार दोन वर्षांतच बंद झाली. जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केलेला ऑक्सिजन संवेदक १९७६ मध्ये व्होल्व्हो कंपनीच्या कॅलिफोर्नियासाठीच्या मोटारींत प्रथम बसला. त्यामागील उद्देश टर्बोभारणाचा नव्हता, तेथील हवाशुद्धीच्या कडक नियमांचा होता. १९८२ मध्ये स्वीडनच्या साब कंपनीने आघाती ज्वलनाचा ठोका ऐकणारा संवेदक बसवून त्यानुसार टर्बोचा दाब कमीजास्त करण्याची व्यवस्था केली. मिश्रणाचा डोळा व आघाताचा कान, ही जोडी तेव्हापासून टर्बोभारित एंजिनांत रूढ झाली.

महाराष्ट्रात या विषयाचा जिव्हाळ्याचा संबंध पुणे परिसराशी आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची संस्था मोटारींच्या निष्कास वायूंची प्रमाणन चाचणी घेते. २०१३ मध्ये टर्बोभारित पेट्रोल एंजिनाची फोक्सवॅगन पोलो, २०१४ मध्ये टाटा मोटर्सची १·२ लिटर एंजिनाची झेस्ट व २०१७ मध्ये त्याच कंपनीची नेक्सॉन या मोटारी बाजारात आल्या. तोवर सामान्य भारतीय ग्राहकाला टर्बो म्हणजे डीझेलचाच हे समीकरण परिचित होते.

ऑक्सिजन संवेदक : झिर्कोनिया हे चिनी मातीसारखे द्रव्य सु. ३००° से. वर तापले म्हणजे त्यातून ऑक्सिजनाचे आयन वाहू शकतात. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस निष्कास वायू ठेवला, तर दोहोंतील ऑक्सिजनाच्या फरकामुळे विद्युत् दाब निर्माण होतो. जर्मन शास्त्रज्ञ व्हाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाने हा दाब काढता येतो. समृद्ध मिश्रणाच्या वायूत मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. म्हणून दाब सु. ०·९ व्होल्ट येतो. विरल मिश्रणात तो ०·१ व्होल्टपर्यंत खाली जातो. समतोलाच्या जागी हा बदल एखाद्या कड्यासारखा तुटक असतो. त्यामुळे साधा संवेदक ‘समृद्ध’ किंवा ‘विरल’ एवढेच सांगतो. किती समृद्ध ते त्याला सांगता येत नाही. लँब्डा १ राखण्यास एवढे पुरते. लँब्डा ०·८२ आहे की ०·९२, हा टर्बोभारित एंजिनाचा जीवनमरणाचा प्रश्न असतो, आणि तेथे हा संवेदक मुका ठरतो.

विस्तृत पल्ल्याच्या संवेदकात ही उणीव भरून काढली आहे. त्यात एका बारीक पोकळीत वायू घेतात आणि झिर्कोनियाच्याच दुसऱ्या पट्टीतून विद्युत् प्रवाह सोडून त्या पोकळीत ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलून तेथे कायम समतोल राखतात. समतोलासाठी किती प्रवाह लागला, हेच मिश्रणाचे माप. हा संवेदक आतील तापकाने सु. ७५०° ते ७८०° से. तापमानावर ठेवावा लागतो.

मापनाच्या मर्यादा : संवेदक बहुधा टरबाइनाच्या पुढे, म्हणजे वायू तिच्यातून बाहेर पडल्यावर बसवितात. तिच्या अलीकडे उष्णता फार असते व वायूच्या वाढत्या दाबाने माप विकृत होते. पण पुढे बसविल्याने वायू पोहोचण्यास उशीर लागतो. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या चतुर्धाव एंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदास ५० वेळा पेटतो. संवेदकाचे उत्तर येण्यास एकदशांश सेकंद लागला, तरी तोवर तेथे पाच ज्वलने होऊन गेलेली असतात. यास्तव भाराखाली आधी इंधन मोजून देणे व मागाहून संवेदकाने त्याची शहानिशा करणे, असाच क्रम ठेवावा लागतो.

दुसरी मर्यादा अधिक घातक आहे. संवेदक चारही सिलिंडरांची सरासरी सांगतो. तीन सिलिंडरांत लँब्डा ०·८२ आहे व चौथ्याच्या अंतःक्षेपकात कचरा अडकल्याने त्याला १५ टक्के इंधन कमी मिळते असे समजा. चौथ्याचा लँब्डा ०·९६ च्या वर जातो, पण मापक ०·८५ दाखवितो, आणि तो आकडा पाहून चालक निश्चिंत राहतो. भोक पडते ते चौथ्या दट्ट्याला. याउलट एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो व मिश्रण मुळात समृद्ध असूनही मापक ‘विरल’ म्हणतो. नियंत्रक त्याला फसून इंधन आणखी वाढवितो. संवेदक इंधन मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो, हे लक्षात ठेवले म्हणजे असे पुष्कळ घोटाळे उलगडतात.

किनारी प्रदेशातील परिस्थिती : मापनावर स्थळाचा परिणाम कसा होतो, हे पाहण्यास रायगड जिल्ह्याचा (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनारा हे चांगले उदाहरण आहे. उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड ते श्रीवर्धन हा पट्टा समुद्रसपाटीला, दमट व खारा; आणि तेथून काही तासांच्या अंतरावर सह्याद्रीचे घाट. एकाच दिवसात मोटारीला दोन्ही हवांतून जावे लागते.

प्रथम आर्द्रता. ३०° से. तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता ही पावसाळ्यातील तेथील नित्याची हवा. अशा हवेत आकारमानाने सु. ३·४ टक्के पाण्याची वाफ असते व तेवढी कोरडी हवा, अर्थात तेवढा ऑक्सिजन, कमी पडतो. उन्हाळ्यातील दुपारी देशावर ३८° से. तापमानाला आर्द्रता २० टक्के असली, तर वाफ अवघी १·३ टक्के भरते. अंतर्ग्रहण नळीतील दाबावरून हवा मोजणाऱ्या यंत्रणेला ही वाफ हवाच वाटते. ती किनाऱ्यावर सु. ३ टक्के जादा इंधन देते. तप्त पटलावरून वाहणाऱ्या हवेचे वजन मोजणाऱ्या यंत्रणेची चूक २ टक्क्यांच्या आसपास राहते. रोजच्या चालीत ऑक्सिजन संवेदक ही चूक लगेच दुरुस्त करतो. जुन्या मोटारींत पूर्ण भारावर ही दुरुस्ती थांबते, आणि चूक तशीच राहते. सुदैवाने ती समृद्धीच्या, म्हणजे निर्धोक बाजूची असते. शिवाय वाफेमुळे ज्वलन मंदावून आघाताचा संभव घटतो. दमट हवेत गाडी ‘मऊ’ चालते असे जुने चालक म्हणत, त्यात तथ्य आहे. धोका उलट क्रमाने उद्भवतो. किनाऱ्यावर पावसाळ्यात मापक पाहून कोणी इंधन ‘नेमके’ करून घेतले, की तीच गाडी कोरड्या उन्हाळ्यात देशावर विरल मिश्रणावर चालू लागते.

आता उंची. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाताना मोटार सु. १,३७० मी. उंचीवर पोहोचते व हवेचा दाब सु. १५ टक्क्यांनी उतरतो. कार्ब्युरेटरच्या साध्या मोटारीत तेवढ्या चढाने मिश्रण सु. ६ ते ८ टक्के समृद्ध होई. घाटमाथ्यावर धूर काढीत धापा टाकणारी मोटार मागील पिढीने पुष्कळदा पाहिली आहे. टर्बोभारित एंजिनाचा नियंत्रक ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरवितो. चालकाला ओढ कमी झाल्याचे जाणवत नाही. पण संपीडकाला अधिक पट दाबावे लागल्याने हवा जास्त तापते आणि निष्कास वायूंचे तापमानही चढते. म्हणजे जी तक्रार साध्या एंजिनात चालकाच्या पायाला कळे, ती येथे केवळ मापकालाच कळते.

तिसरी गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. निष्कास नळीचे सांधे गंजून त्यांना बारीक चिरा पडतात. टरबाइनापूर्वीच्या चिरेतून वायू बाहेर फुसफुसतो. नंतरच्या, संवेदकाजवळच्या चिरेतून मात्र दोन झोतांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदकाला हा जादा ऑक्सिजन मिश्रणातलाच वाटतो. तो ‘विरल’ म्हणतो, नियंत्रक इंधन वाढवितो, खप चढतो व उत्प्रेरक तापून निकामी होऊ लागतो. अशा वेळी संवेदक बदलण्याची घाई केली जाते, पण दोष दहा रुपयांच्या गॅस्केटचा असू शकतो. विद्युत् जोडांवर चढलेल्या क्षारांनीही असेच चुकीचे संकेत मिळतात. पुष्कळ संवेदकांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्यांच्या तारांच्या आवरणातून पोहोचते. गंज टाळण्यासाठी जोडात भरपूर ग्रीस कोंबले, तर हा श्वासमार्गच बुजतो. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या महापुरात महाड शहर बुडाले. अशा पुरात सापडलेल्या मोटारीत तुलनेच्या हवेच्या जागी गाळाचे पाणी शिरलेले असते, आणि तप्त संवेदकावर पाणी आले तर झिर्कोनिया तडकतो. एंजिन धुऊनपुसून सुरू झाले, एवढ्यावरून मापन शाबूत आहे असे मानू नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : इथेनॉलाच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने एक किग्रॅ. इथेनॉलाला सु. ९ किग्रॅ. हवाच पुरते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलाचे समतोल प्रमाण १४·७ नसून सु. १३·५ होते. भारतात असे पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आले व २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळू लागले. या बदलाने मापनात एक विचित्र घोटाळा होतो. संवेदकाला कळतो तो लँब्डा. गुणोत्तर दाखविणारे मापक लँब्डाला १४·७ ने गुणून आकडा उमटवितात. टाकीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल असताना मापकावर १४·७ दिसले, तर खरे गुणोत्तर १३·५ असते व मिश्रण बिनचूक समतोल असते. उलट, नव्या इंधनासाठी १३·५ हवे असे ऐकून मापकावर तो आकडा आणणारा मनुष्य मिश्रण आठ टक्के समृद्ध करून बसतो. गुणोत्तर सोडून लँब्डाच वाचावा, हे येथे श्रेयस्कर.

जुन्या टर्बोभारित मोटारींचा प्रश्न याहून गंभीर आहे. शुद्ध पेट्रोलासाठी जुळविलेले व पूर्ण भारावर दुरुस्ती न करणारे एंजिन नव्या इंधनावर पूर्वीइतकेच इंधन सोडते, आणि ०·८२ चा लँब्डा सु. ०·८९ वर सरकतो. राखीव थंडावा निम्म्याच्या जवळपास संपतो. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते व आघाताला जास्त दाद देत नाही, यामुळे काही भरपाई होते, सर्व नव्हे. बहुतेक आधुनिक नियंत्रक रोजच्या चालीत शिकलेली दुरुस्ती पूर्ण भारालाही लागू करतात व त्यांना ही अडचण येत नाही.

नियम व तपासणी : देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले नसते, तर ऑक्सिजन संवेदक येथे टिकलाच नसता, शिशाने तो विषाक्त होतो. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून व त्यांचा रस्त्यावरील प्रत्यक्ष चाचणीचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. जादा इंधनाने थंडावा देण्याच्या प्रथेवर त्यामुळे बंधन आले आहे, कारण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड भरमसाट निघतो. नव्या एंजिनांत निष्कासमार्ग सिलिंडरशीर्षातच ओतून पाण्याने थंड करतात व पूर्ण भारावरही लँब्डा १ च्या जवळ ठेवण्याचा प्रयत्न करतात. पेट्रोल पंपावर प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र देताना भारत स्टेज ४ व पुढील मोटारींचा लँब्डा मिनिटास सु. २,५०० फेऱ्यांवर तपासतात. तो ०·९७ ते १·०३ मध्ये असावा लागतो. ही चाचणी उभ्या, निर्भार मोटारीवर होते, टर्बो तेव्हा जवळजवळ निष्क्रिय असतो. हे प्रमाणपत्र मिळालेल्या मोटारीचे घाटातील मिश्रण ठीक असेलच असे नाही.

डीझेल एंजिने : यांत हवा कायम जादा असते व शक्ती इंधनाच्या मात्रेने वाढवितात, म्हणून मापनाचा प्रश्न निराळा आहे. पूर्ण भारावर लँब्डा १·२ ते १·३ च्या खाली गेला की काळा धूर येतो. टर्बोचा दाब चढेपर्यंत इंधन रोखून धरणारा मर्यादक पंपावर बसवितात. रायगडच्या किनाऱ्यावरील यांत्रिक मच्छीमार नौकांवर ट्रकच्या एंजिनांवरून बनविलेली डीझेल एंजिने वापरतात. जाळे ओढताना नौकेच्या निष्काळजीपणे वाढविलेल्या भारामुळे मागे काळा पट्टा उठला, की तांडेल थ्रॉटल मागे घेतो; त्याच्यापाशी दुसरे मापक बहुधा नसते. टर्बोभारित डीझेलात याला पूरक म्हणून टरबाइनापूर्वी तपयुग्म बसवितात. येथे पेट्रोलाच्या उलट, इंधन वाढले की निष्कास वायू अधिक तापतात, आणि पेट्रोल एंजिनावर हात बसलेल्या मिस्त्रीची प्रथम फसगत होते ती याच ठिकाणी.